दुसऱ्याची जीभ

या सदरात लोक पैंजणांचे आवाज आणि पिंपळाखालच्या बाया लिहून पाठवतात. मी ते वाचतो आणि हसतो. आमच्या घरी देव होते, भुतं नव्हती. आजही माझा भुतांवर विश्वास नाही. शिवाय मला जे झालं त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतंच... होती ती निव्वळ किळस. साठ वर्षं होऊन गेली तरी ती गेलेली नाही, म्हणून लिहितो आहे.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही बंगळूरला मल्लेश्वरममध्ये राहायचो. वडील – त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो – एका सरकारी कारखान्यात फोरमन होते. मी इंटरला दोनदा आपटलो होतो. शाळेच्या बँडात ब्यूगल वाजवायचो, तेवढंच एक मला बरं जमायचं. अशात कारखान्याने स्वतःचा बँड काढायचं ठरवलं. बँडात निवड झाली की कारखान्यात कायमची नोकरी!

अण्णा म्हणाले, "हे बघ, इंजिनियर तर तू होत नाहीस. फुंकून तरी पोट भर."

पण ब्यूगलवर भागणार नव्हतं, कॉर्नेट हवं होतं. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा आखूड भाऊ. व्हाइटफील्डला एक अँग्लो-इंडियन बाई घर मोडून ऑस्ट्रेलियाला निघाली होती आणि तिच्याकडे तिच्या वारलेल्या वडिलांचं कॉर्नेट आहे, असं अण्णांना कुणीतरी सांगितलं. आज व्हाइटफील्डला जायचं म्हटलं की ट्रॅफिकच्या विचारानेच घाम फुटतो. तेव्हा के. आर. पुरम मागे पडलं की दोन्ही बाजूंना नुसती नाचणीची शेतं होती. बाईने पेटी आमच्या हातात दिली, पण उघडून दाखवली नाही. दिल्यावर हात मात्र दोनदा धुतले.

घरी आल्यावर आईने कपाळावर हात मारला. "अगंबाई! दुसऱ्याचं उष्टं तोंडात घालणार तू? तेही मेलेल्याचं?"

मी माऊथपीस – ओठांना लावायचा वाटीसारखा तुकडा – चिंचेने घासला, मग पातेल्यात घालून चांगला उकळला. ते पातेलं आमच्या घरात पुन्हा कधी चुलीवर चढलं नाही.

आता थोडं वाजवण्याबद्दल सांगायला हवं. कॉर्नेटमध्ये प्रत्येक सूर जिभेने सोडायचा असतो, 'तु' म्हटल्यासारखा. सूर भराभर हवे असतील तर 'तु-कु-तु-कु' करावं लागतं. याला जीभ मारणं म्हणतात, आणि तिथेच माझं घोडं पेंड खायचं. निवडीच्या परीक्षेत जी मार्चची धून वाजवायची होती, तिच्यात असा एक जलद तुकडा होता. त्यात माझी जीभ दरवेळी अडखळायची. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाजवळ उभा राहून मी तोच तुकडा दुपारभर घोटायचो. शेवटी शेजारच्या अक्का कुंपणावरून ओरडायच्या, "स्वल्प निल्सप्पा!" म्हणजे, थोडं थांब रे बाबा.

चौथ्या-पाचव्या दिवशी तोंडात चव आली. आधी लवंगेची. लवंगेचं काय एवढं, म्हणाल... पण तिच्या खाली दुसरी चव होती. सडक्या दाताची, गोडसर, कुबट. मी कॉर्नेटमधलं पाणी काढलं. वादक त्याला सभ्यपणे पाणी म्हणतात, असते ती थुंकीच. ती गुलाबी होती आणि तिला तार सुटत होती.

माझाच दात किडला असेल म्हणून अण्णा मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी आरशाने सगळं तोंड तपासलं आणि म्हणाले, "सरी इदे, सगळं ठीक आहे! घोड्यासारखे दात आहेत." तोंडाला घाण चव येते, इतकंच मी त्यांना आणि घरी सांगितलं होतं. लवंगेचं नाव कुणापाशी काढलं नव्हतं.

मग एका दुपारी तो जलद तुकडा आला आणि माझी जीभ आपोआप उचलली गेली. तु-कु-तु-कु... एकेक सूर दाणा निवडल्यासारखा बाहेर पडला. माझ्या तोंडात दुसऱ्याची जीभ हलत होती. जाड, थंड, सवयीची. याहून वेगळं मला सांगता येत नाही. तुकडा संपला आणि मी धुण्याच्या दगडापाशी भडाभडा ओकलो. तेवढ्यात अक्कांनी कौतुकाने विचारलं, "मास्तर बंदिद्दारा?" कुणी मास्तर शिकवायला आलेत का, असं त्यांना वाटलं.

कॉर्नेट फेकून द्यायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण नोकरी हवी होती. अण्णांचं रिटायरमेंट तोंडावर आलं होतं. मी मन घट्ट करून वाजवत राहिलो आणि जे तोंडात येईल ते गिळत राहिलो.

परीक्षा कारखान्याच्या कँटीनमध्ये होती. अण्णा बाहेर बाकावर बसले. बँडमास्तर होते शिंदे म्हणून, बेळगावकडचे, पलटणीच्या बँडातून निवृत्त झालेले. पुढचे दात गेल्यामुळे त्यांचं स्वतःचं वाजवणं कधीच सुटलं होतं, कारण दातांचा टेकू नसला की कॉर्नेट बोलत नाही. ते फक्त काठी हलवायचे.

मी मार्च सुरू केला. जलद तुकडा आला, जीभ आली... आणि मास्तरांची काठी हवेतच थांबली.

"ही जीभ कुणाची रं?"

"माझीच, सर."

"खोटं बोलू नगंस. ही जीभ म्या वळखतो. पलटणीत माझ्या उजव्या हाताला बसायचा त्यो." मग त्यांनी कपाटातून एक कोरं कॉर्नेट काढलं. त्यावरचा कागदही निघाला नव्हता. "ह्याच्यावर वाजव बघू."

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! पहिल्या फुंकरीला फक्त पॉलिशची चव आली. स्वच्छ. वाटलं, आता नापास झालो तरी चालेल. चार ओळी माझ्या मी वाजवल्या, आणि पाचव्या ओळीला लवंग आली. पाठोपाठ ती कुबट घाण, तोंड भरून. मी थांबलो आणि रुमालात थुंकलो.

मास्तरांनी माझ्या हातातलं कॉर्नेट घेतलं. माझ्या थुंकीने ओला झालेला माऊथपीस त्यांनी सरळ तोंडाला लावला, डोळे मिटले आणि आतून जीभ फिरवली. अगदी सावकाश, वाटी चाटून घ्यावी तशी.

"लवंग," ते म्हणाले.

मी एक पाऊल मागे सरलो.

"फुडचा दात सडला हुता त्येचा. काढून टाक म्हटलं तर काढंना. दात गेला की वाजप गेलं, म्हणायचा. लवंग दाबून वाजवायचा. त्यातच पू झाला आन् गेला." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आणखी एक डाव वाजव, लेकरा. आत्ता सही करतो. नोकरी तुझी."

त्यांनी कॉर्नेट पुढे केलं. माऊथपीसवर माझी थुंकी होती, त्यांची होती, आणि ती तिसरी. खिडकीतून बाकावर बसलेल्या अण्णांची पाठ दिसत होती. फक्त ओठ टेकवायचे होते.

"नाही जमणार, सर."

"का रं?"

"शिसारी येते मला."

ते रागावले नाहीत. "आरं, माणूस हुता त्यो," एवढंच म्हणाले.

मी बाहेर पडून कँटीनच्या नळावर चुळा भरू लागलो. तेवढ्यात आतून कॉर्नेट सुरू झालं. तोच मार्च, तोच तुकडा. तु-कु-तु-कु, एकही सूर न सांडता. आत मास्तरांशिवाय कुणी नव्हतं. मी आत वळून पाहिलं नाही. त्या बोळक्या तोंडात काय चाललं असेल ते मला बघायचं नव्हतं, आजही नको आहे.

लवंगेचं त्यांना कसं कळलं, ती घाण कोऱ्या पितळेत कुठून आली, आणि दात नसलेला माणूस कसा वाजवत होता, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. त्या दिवसानंतर ती चव माझ्या तोंडी आली नाही. मी कॉर्नेटही पुन्हा हातात घेतलं नाही.

अण्णा बाकावरून उठून माझ्यापाशी आले. आतलं वाजवणं त्यांनी मान डोलवत शेवटपर्यंत ऐकलं आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ऐकलंस? असं वाजवायला हवं होतं," ते म्हणाले. मी पुरेशी मेहनत घेतली नाही, असंच त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं.