चिंतोकवी मंडळाचे चिटणीस

कर्जतच्या कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे गोपाळकृष्ण दिघे, म्हणजे आमच्या शेजारचे अप्पा, आयुष्यभर एकाच कवीच्या मागे लागले. त्या कवीचं नाव चिंतोकवी. दीडशे वर्षांपूर्वी दहिवलीत राहून त्याने अठरा अध्यायांची एक पोथी लिहिली. तिच्यात देवाधर्माचं काही नाही. घाटातले जकातवाले, लाच खाणारे कारकून, लग्नात रुसणारे व्याही आणि विशेषतः अंगारे वाटणारे बुवा यांची त्याने यथेच्छ टिंगल केली आहे.

पोथीची एकच प्रत होती, कवीच्या वंशातल्या गोदाकाकूंच्या माळ्यावर, सुपाखाली. अप्पांनी ती १९१४ साली शोधली. काकू म्हणाल्या, घेऊन जा की, इथे उंदरांचीच सोय होते. पण अप्पांना कवीची वस्तू कवीच्या घरातून हलवणं पटलं नाही. ते दर रविवारी नदी ओलांडून दहिवलीला जात, ओसरीवर बसून नक्कल करत. एकेका शब्दावर दोन-दोन रविवार अडत. घरी त्यांच्या पत्नी सुनीतीकाकू म्हणत, ह्यांची सासुरवाडी पनवेलला, पण जाणं-येणं सगळं दहिवलीला.

त्यांनी मंडळही काढलं. अध्यक्ष भाऊसाहेब वकील, चिटणीस अप्पा, आणि मराठी शाळेतले दोन मास्तर. सभेला एवढीच माणसं येत, पावसाळ्यात तर अप्पा एकटेच. पोथी छापायची तर वर्गणीदार हवेत, आणि कवीसाठी कोणी वर्गणी देईना. तेव्हा भाऊसाहेबांनी युक्ती सांगितली: पुण्यतिथी करा, पालखी काढा, प्रसाद ठेवा, लोक येतील.

कवी कधी वारला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. शेतीची कामं उरकलेली असतात म्हणून माघ वद्य पंचमी ठरली. आरती अप्पांनी स्वतः रचली. दोन-चार वर्षं एवढं करू, पोथी छापून झाली की बंद करू, असा त्यांचा हिशेब होता.

लोक आले. दुसऱ्या वर्षी कशेळ्यापलीकडच्या वाडीतली ठमी तापाने फणफणलेलं पोर घेऊन पालखीपुढे बसली.

"बाबा, पोथीचं पानी द्या वाईच. मग मी उठतंय."

अप्पांनी तुळशीचं पान पोथीला लावून पाण्यात बुडवलं आणि ते पाणी पोराला पाजलं. बाईला नाही कसं म्हणायचं, असं ते नंतर मला म्हणाले. पोराचा ताप उतरला. पुढच्या वर्षी तीर्थासाठी रांग लागली.

मग पोथी माळ्यावर कशी राहील? ती गोदाकाकूंच्या देव्हाऱ्यात गेली. रोज गंध, फूल, तुपाचा दिवा. उघडायची ती फक्त पंचमीला, सोवळ्यात. शाईची दौत जवळ न्यायची नाही. नक्कल थांबली तेव्हा शेवटचे दोन अध्याय राहिले होते. अप्पांनी काकूंची पुष्कळ मनधरणी केली. काकू शांतपणे म्हणत, देवासमोर लेखणी चालवतात का?

खोपोलीच्या वीजघरात नोकरी लागल्यावर मी तिथल्या एका साहेबाचा कॅमेरा मिळवू शकत होतो. शाई नको, दौत नको, दिवसाच्या उजेडात दोन तासांचं काम. १९३१ साली आम्ही काकूंना विचारलं आणि त्यांनी होकार दिला. पंचमी होऊ दे, म्हणाल्या, मग काढा छबी. अप्पा त्या दिवशी पुलावर थांबून उगाचच हसले.

पंचमीला पालखीत पोथी उघडली आणि पानं हातात आली. इतक्या वर्षांचं गंधपाणी, तूप, फुलांचा ओलावा; कागद चिखलासारखा झाला होता. तरी आतली अक्षरं दिसत होती. मी अप्पांना म्हटलं, सावलीत वाळवू, पान पान सोडवता येईल.

भाऊसाहेबांनी तिथेच मंडळाची सभा भरवली. खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, तिचं विसर्जन करावं आणि तिच्या जागी पादुका बसवाव्यात, असा ठराव आला.

"ती मूर्ती नव्हे, भाऊसाहेब," अप्पा म्हणाले. "पोथी आहे."

उत्तर गोदाकाकूंनी दिलं. "पोथी होती तेव्हा माळ्यावर होती हो अप्पा. देव तुम्ही केलात. आता देवाचं करायचं ते आम्हाला करू द्या."

विरोधात एकच हात वर झाला. वाजतगाजत पोथी उल्हास नदीत सोडली. लोकांनी अप्पांचीच आरती म्हटली. अप्पा काठावर उभे होते. एक पान दगडाला अडकलं, तेव्हा ते गुडघाभर पाण्यात उतरले. पण ठमीच्या त्या पोराने, आता मिसरूड फुटलेल्या, भक्तिभावाने काठीने ते पान आधीच पुढे ढकललं होतं.

मंडळ आता जोरात आहे. पादुका संगमरवरी आहेत. आरतीची पुस्तिका छापून निघाली. अप्पांनी नक्कल केलेले सोळा अध्याय मात्र छापायचे नाहीत असं ठरलं. बुवांची टिंगल भक्तांना आवडणार नाही, असं भाऊसाहेब म्हणतात.

अप्पांनी चिटणीसपद सोडलं. तरी पंचमीला त्यांना बोलावणं येतंच. पुस्तिकेत जागा पुरली नाही म्हणून आरतीचं तिसरं कडवं गाळलं आहे आणि ते दुसऱ्या कोणाला पाठ नाही. अप्पा जातात, मागे उभे राहतात, वेळ आली की कडवं सांगतात आणि प्रसाद न घेता परत येतात.