अमजदने दोर हातातच धरला

उजनी धरणाच्या फुगवट्यावर इंदापूरच्या काठावरून करमाळ्याच्या काठाला माणसं नेणारी हिंदुरावांची लाँच अमजद शिकलगार चौदा वर्षं चालवत होता. सत्त्याण्णव साली हिंदुरावांनी लाँचला पाण्याची खोली दाखवणारी स्क्रीन बसवायचं ठरवलं आणि अमजदला घेऊन मुंबई गाठली. अमजदने दुकानात एक करडी, साधी स्क्रीन निवडली. तिचे मोठे काळे आकडे भर उन्हातही दिसत होते. हिंदुरावांना मात्र रंगीत हवी होती. खोली, वेग, इंजिनाची उष्णता, नकाशा, सगळं एकाच काचेवर. ती त्यांनी पाहुण्यांना दिसावी म्हणून बाकांकडे तोंड करून बसवली आणि उथळ पाण्यात वाजणारा बझर कटकट नको म्हणून बंद करून टाकला.

मे महिन्यात पाणी झपाट्यानं उतरलं. हिंदुरावांनी पाहुण्यांसाठी लाँच आडवाटेनं न्यायला लावली, आणि बुडालेल्या जुन्या गावाच्या भिंतीवर लाँचचा पंखा आपटून मोडला. धक्क्यावर उतरताच हिंदुरावांनी चारचौघांत अमजदच्या कानाखाली मारली. हा सुकाणूवर झोपला होता, असं सांगून त्याला काढून टाकलं. भाकरी घेऊन आलेली त्याची बायको करिमा तिथंच उभी होती.

त्याच धक्क्यावर सारजाबाईंची दुसरी लाँच होती. त्यांनी अमजदला ठेवून घेतलं. त्याने करडी स्क्रीन आणवली, सुकाणूसमोर बसवली, बझर चालू ठेवला. खोली मोजणारा डोळा लाँचच्या बुडाला असतो, पंखा त्याच्याही खाली दोन हात. तेवढं अंतर वजा करायला त्याने यंत्राला सांगून ठेवलं. हिंदुरावांनी आता सुकाणूकडे वळवलेल्या स्क्रीनवर हे कुणी केलेलं नव्हतं, आणि नवा चालक सिद्धू दिसणाऱ्या आकड्यावर डोळे झाकून विसंबत होता. अमजदला हे ठाऊक होतं. त्या बुडालेल्या भिंतीवर त्याने लाल फडकं बांधलेला बांबू रोवला, कुणाचा जीव जायला नको म्हणून. त्या चुकीच्या आकड्याबद्दल आणि वाटेतल्या गाळाबद्दल मात्र तो अवाक्षर बोलला नाही. करिमाने सांगून टाका म्हटलं, तर म्हणाला, "गाळात कुणी मरत न्हाय."

पुढच्या उन्हाळ्यात हिंदुराव मुलीला, वैष्णवीला, आणि तिच्या होणाऱ्या सासरच्यांना पाण्यावर फिरवायला घेऊन निघाले. स्क्रीनवर तीन फूट दिसत असतानाच लाँच गाळात रुतली. दोन तास मंडळी उन्हात भाजली. मग अमजद सारजाबाईंची लाँच घेऊन गेला, दोर फेकता येईल इतक्या अंतरावर थांबला आणि त्याने इंजिन बंद केलं.

"टाक दोर," हिंदुराव म्हणाले.

"मालक, त्या दिशी मी झोपलो हुतो का?"

हिंदुरावांनी मान फिरवली. व्याह्यांनी काय भानगड आहे म्हणून विचारलं. अमजद दोर हातात धरून बसून राहिला. त्याला घाई नव्हती.

"न्हाय," शेवटी हिंदुराव म्हणाले. "बझर मीच बंद केला हुता."

"आन् मारलं ते?"

"चुकलं माझं."

मग त्याने दोर टाकला.

घरी येऊन त्याने करिमाला सगळं रंगवून सांगितलं. तिने एवढंच विचारलं, ती पोरगी कुठं बसली होती. तो म्हणाला, पाहिलं नाही. खरं तर पाहिलं होतं, पदर तोंडावर ओढून ती लाँचच्या तळाकडे बघत होती.

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. अमजदने सिद्धूला स्क्रीन नीट लावून दिली, पण हिंदुरावांना पुन्हा कधी रामराम घातला नाही. ते धक्क्यावर आले की तो मुद्दाम समोर जाऊन उभा राही, आणि ते वळून निघून जाईपर्यंत हलत नसे.