न्यू फोल्डर

चामोर्शीत लॅपटॉप दुरुस्त करणारी एक बाई आहे. माझी बिघडलेली हार्डडिस्क वायरीला जोडून कानाशी धरण्याआधी तिने बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या. त्यांचा आवाज मधे नको.

"घासून राह्यली, भाऊ. कधी बंद पडन, भरोसा नाई. पहिले काय काढू?"

"आईची धान रोवतानाची गाणी. आई गेली आता."

"फोल्डरचं नाव?"

"न्यू फोल्डर."

"असे तर अकरा आहेत. ऑफिसच्या फायलीले बराबर नावं देता, आईले काऊन नाई?"

मला राग आला, कारण खरं होतं.

सातव्यात आई सापडली. गाणी पेनड्राइव्हवर उतरली आणि डिस्क थांबली. नीट नावं दिलेलं सगळं गेलं.

बांगड्या खाली घेत तिने विचारलं, "आता काय नाव टाकू?"

मी आईचं नाव सांगितलं. फॉर्मांवर लिहिलं होतं. तोंडाने कधी घेतलंच नव्हतं.