आईच्या खोलीत सिग्नल नाही

वडील गेल्यावर आई खुलताबादला एकटीच राहत होती. तिला माझ्या घरी आणायला मला वर्षभर मनधरणी करावी लागली, आणि परत जायचं तिनं आठवड्याभरातच ठरवलं. कारण टीव्ही.

आई रोज सकाळी कीर्तन बघते. नेमकी त्याच वेळी माझी बायको हॉलमधल्या टीव्हीवर बातम्या लावते आणि बातम्यांशी भांडते. म्हणून आईच्या खोलीसाठी मी वेगळा टीव्ही आणि दुसरा सेट टॉप बॉक्स आणला. केबलवाल्याची वाट कोण बघणार? केबल गच्चीवरून घरात उतरते. तिथं जिन्याच्या तोंडाशी मी स्प्लिटर बसवला, म्हणजे एका वायरीच्या दोन वाटा करणारी डबी. एक वाट हॉलकडे, दुसरी आईच्या खिडकीकडे. भिंतीच्या कडेनं न्यायला वायर पुरेना, तेव्हा मी ती गच्चीवरून आडवीच ताणली, छातीइतक्या उंचीवर. संध्याकाळी चित्र आलं. मी कमरेत वाकून सर्वांना अभिवादन केलं. टाळ्याही मीच वाजवल्या.

सकाळी पडदा निळा आणि त्यावर दोनच शब्द : सिग्नल नाही.

संध्याकाळी ऑफिसातून येऊन बघतो तर चित्र लख्ख! दुसऱ्या सकाळी पुन्हा निळं. मी दोन्ही बॉक्सची अदलाबदल केली. आईचा बॉक्स हॉलमध्ये शहाण्या मुलासारखा चालला. हॉलचा बॉक्स आईच्या खोलीत सकाळी ठार आंधळा. म्हणजे बॉक्स निर्दोष, गुन्हेगार वायर. पण दिवसभर इमानदार राहून फक्त कीर्तनाच्या वेळी दगा देणारी वायर मी जन्मात पाहिली नव्हती.

"तुझ्या टीव्हीला मी नको झाले," आई म्हणाली. "लई झालं बाबा. रविवारी मला खुलताबादला सोड."

म्हणाली हसत, पण पिशवी भरून दाराशी ठेवली. तिकडे खुलताबादला संध्याकाळी दार लावलं की ती आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढेच उरायचे.

रविवारी उजाडताच मी बायकोला आईच्या टीव्हीसमोर बसवलं आणि स्वतः गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं दबा धरला.

"दिसतंय का?" मी वरून ओरडलो.

"दिसतंय!" खालून उत्तर.

शेजारच्या गच्चीवर आमच्या शेजारीण, सगळ्या गल्लीच्या खाला म्हणजे मावशी, कबुतरांना दाणे टाकत होत्या. "भाई, सुबे सुबे काय कू चिल्लारे?"

"चोर पकड रहा हूँ, खाला."

"मिला तो मेरे कू बी दिखाव!"

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. आई आली, हातात बादली. आंघोळ झाली की आपलं लुगडं आपणच धुवायचं, हा तिचा आयुष्यभराचा नेम. मशीनमध्ये ती ते टाकू देत नाही. तिनं नऊवारी पिळलं, झटकलं आणि सरळ माझ्या वायरीवर टाकलं. वायर झोळीसारखी खाली आली आणि स्प्लिटरमधली पिन अर्धी बाहेर ओढली गेली.

"गेलं!" बायको खालून.

"मिला चोर!" खाला पलीकडून.

सगळा उलगडा झाला. आमच्या उन्हात लुगडं तासाभरात वाळायचं. आई ते घडी करून खाली न्यायची, वायर वर उचलली जायची आणि पिन पुन्हा जागेवर टेकायची. बायको मशीनचे कपडे घेऊन वर येईपर्यंत पुरावा शिल्लक नसायचा.

मी टाकीमागून प्रकट झालो. "आई, एवढी लांबलचक दोरी सोडून वायरीवर कशाला?"

ती आधी दचकली, मग पदर सावरत म्हणाली, "ती तुझ्या बायकोची दोरी हाय. चार दिवसांसाठी आलेल्या माणसानं कशाला अडवायची? आन् ती लई उंच. ही मोकळीच होती, हाताला येती."

 

बायको वर येऊन मागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं ते ओलं लुगडं उचललं आणि स्वतःच्या दोरीवर पसरलं. मग म्हणाली, "आई, हात वर करा बघू. जरा अजून. एवढा पोचतो?" तिथं भिंतीवर तिनं खडूनं खूण केली आणि माझ्याकडे वळली. "तुम्ही फक्त दोरी आणा. बांधणार मी. तुम्ही ताणलेलं आम्ही बघितलंय."

मी दोरी आणली, जास्तीची वायर आणली, ती भिंतीलगत नेऊन क्लिपा ठोकल्या, पिन नवी लावली. पिशवी दाराशी तशीच होती. त्या दिवशी खुलताबादचं नाव कोणी काढलं नाही. मी तर त्या पिशवीजवळून चवड्यांवर चालत होतो.

सोमवारी सकाळी खालून कीर्तन ऐकू येत होतं. ऑफिसला निघण्याआधी मी गच्चीवर डोकावलो. नव्या दोरीवर दोन लुगडी वाळत होती. दुसरं पिशवीतलं होतं.