स्वखुशीने घरी

दौंड तालुक्यात नेमणुकीला असतानाची एक मिसिंगची तक्रार अजून माझ्या मनातून जात नाही.

पाटसजवळच्या गावातली एक विशीतली बाई सासऱ्यांबरोबर ठाण्यात आली. नवरा चार दिवस बेपत्ता. शिक्रापूरच्या एका कंपनीत कामाला होता, तिथेही पोचला नव्हता. ठाणे अंमलदाराने नोंद घेतली, फोटो आणि वर्णन शेजारच्या ठाण्यांना पाठवलं. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर काळजीपेक्षा भीती जास्त दिसली.

दुसऱ्या दिवशी शिरूरहून खबऱ्याचा फोन आला. एसटी डेपोजवळच्या लॉजवर असा एकजण उतरलाय, खोलीबाहेर पडत नाही. आम्ही त्याला घेऊन आलो.

तासभर विचारपूस केली. भांडण झालं का, दुसरी बाई आहे का? तो नुसती मान हलवायचा. शेवटी मी चहा मागवला आणि कागद बाजूला ठेवले. तेव्हा तो बोलला. कागदावर 'तो' होता म्हणून इथेही तसंच लिहितोय. 'तो' म्हणायचं की 'ती', हे मी कधी विचारलं नाही.

"साहेब, पुण्यात मी तीन वर्षं बाई म्हणून राहिले. केस वाढवले, डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या. लई बरं वाटायचं. मग माझ्यामुळं बहिणीची सोयरीक मोडली. आईनं अन्न सोडलं. मीच गोळ्या बंद केल्या, केस कापले. मग घरच्यांनी लग्न लावलं. त्या पोरीचा काय दोष न्हाई. पण घरात जीव गुदमरतो."

"कुणी मारलं? धमकी दिली?"

"न्हाई. नुसते रडले सगळे."

कलम कुणावर लावणार?

तो सज्ञान होता. घरी जायचं की नाही, हे त्यानेच ठरवायचं होतं. निरोप मिळताच आलेले त्याचे वडील दारात हात जोडून उभे होते. "साहेब, पुढच्या महिन्यात पोरीचं लग्न हाय. तवर तरी येऊ द्या."

मी विचारलं, "घरी जायचंय?"

"जाते." मग वडिलांकडे पाहून म्हणाला, "जातो."

'स्वखुशीने घरी जात आहे,' असा जबाब लिहून मी सही घेतली.

वर्षभराने तो शिक्रापूरच्या स्टॉपवर भेटला. दाढी वाढलेली, अंगात कंपनीचा शर्ट. बायको कायमची माहेरी गेली होती. बहिणीचं लग्न कसं झालं, म्हणून विचारलं.

"झालं म्हणं चांगलं. मला येऊ नगं म्हणाले. पाहुण्यांत पुण्याचं कुणी असलं, वळखलं तर?"

"मग पुण्याला परत का जात नाहीस?"

"आता कुठलं, साहेब," एवढंच म्हणून तो बसमध्ये चढला.

सज्ञान माणसाची इच्छा विचारताना घरच्यांना बाहेर पाठवून दार लावायचं, हे मी नव्या फौजदारांना नेहमी सांगत असे. त्या दिवशी दार उघडं राहिलं. मी विसरलो नव्हतो. त्याने घरीच जावं, असं मलाही वाटत होतं.