बारीक पदं सोडणारे सर

१८ जून. सरांच्या प्रबंधाच्या पाच प्रती बांधायच्या होत्या. विद्यापीठात द्यायची शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती.

हे सर ओझरहून माझ्या बाइंडिंगच्या दुकानात येतात, भौतिकशास्त्र शिकवतात. बोलण्यात सारखं 'साधारण'. "साधारण चारला येतो, ताई," म्हणतात आणि चारच्या ठोक्याला हजर होतात.

त्या दिवशी बांधलेली प्रत चाळता चाळता ते थांबले.

"ताई, सूर्याजवळ गुरुत्वाकर्षण तसं कमजोर. तिथे समीकरणातली बारीक पदं सोडली तरी चालतं. मी चौथ्या प्रकरणात कृष्णविवराच्या अगदी कडेलाही सोडलीत. तिथे ती बारीक राहत नाहीत."

"गाइडनी सही केलीय ना? मग कोण बघतंय, सर?"

"मी बघितलं ना आता."

तारीख चुकली तर पीएचडी सहा महिने लांबणार आणि कॉलेजातली कायमची जागा बहुधा दुसऱ्याला जाणार, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. तरी प्रती टेबलावर ठेवून ते निघून गेले. मला रागच आला. पुठ्ठ्यांचा गोंद अजून ओला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचही प्रतींची शिवण उसवली, चौथं प्रकरण बाजूला काढलं आणि सरांना फोन केला, "नवी पानं झाली की आणा. पुठ्ठे तेच लावते."