चौथ्या दिवशी झरा खारट झाला

धाकूदादा गेल्याची खबर मला ठाण्याच्या कचेरीत कळली. कल्याणहून आलेल्या एका ओळखीच्या माणसाने बोलता बोलता सांगितले, चैत्रात तापाने गेला म्हणून. पुढ्यातला नकाशा मी तसाच गुंडाळला... आणि दिवसभर तो एक उन्हाळाच आठवत राहिला. 

तेव्हा मी मोजणीच्या कामावर नवखा कारकून होतो. कल्याणच्या पलीकडे डोंगरातून दगड आणायला गाडीरस्ता निघायचा होता. वरचे पठार पावसात चिखलाने भरते, म्हणून तिथले पाणी चर खणून डोंगराच्या मागल्या अंगाला सोडून द्यावे, असा साहेबांचा हुकूम होता. चराची रेघ आखायचे काम माझे. पायथ्याशी वीस-पंचवीस घरांचे गाव होते आणि धाकूदादा तिथला घरजावई. त्याची तरुणपणाची वर्षे ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरात गेलेली. तो माझ्याबरोबर वर आला, मी ठोकलेल्या खुंट्या बघितल्या आणि शांतपणे म्हणाला, "भाऊसाहेब, इथं चर कापाल तं खाली आमचा वहाळ मरंल."

मला हसू आले. वैशाखात पठार भाजून निघाले होते आणि वहाळाचा, म्हणजे गावच्या ओढ्याचा, झरा तिथून चारशे पावले खाली. सहा-सात महिने पावसाचा थेंब नाही, तरी वहाळ वाहत होता. मग त्याचा या कोरड्या माळाशी संबंध काय? धाकूदादाचे म्हणणे असे की, श्रावणातला पाऊस डोंगर पिऊन घेतो, खडकाच्या भेगांत साठवतो आणि पुढे वर्षभर थोडा थोडा सोडतो. मी पुरावा मागितला.

दुसऱ्याच दिवशी त्याने मिठाच्या तीन गोण्या बैलावर लादून वर नेल्या. घरी त्याने मुद्दामच काही सांगितले नव्हते. सोबतीला फक्त मेहुणा. पठारावरच्या एका खळग्यात मीठ ओतून दोघांनी पखालीने पाणी वाहिले, आणि तळाच्या भेगेने ते खारे पाणी बघता बघता पिऊन टाकले. मग आम्ही झऱ्यावर ठाण मांडले. मिठागरात असताना खाऱ्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून, मिठाचे दाणे कधी धरतील ते तो सांगायचा. तीच जीभ आता कामाला लागली. एक दिवस गेला, दुसरा गेला... पाणी गोडच. तिसऱ्या दिवशी मी सामान बांधायला घेतले. तो त्या दिवशी जेवला नाही.

चौथ्या सकाळी त्याने ओंजळ तोंडाला लावली, डोळे मिटले, आणि मग मला ओंजळ करायची खूण केली. मला खारट लागले. पण आपल्याच मनाचा खेळ असेल तर? आम्ही जवळजवळ धावतच घरी गेलो. हिराबाई, त्याची बायको, वहाळावरून भरलेल्या पाण्याची पेज शिजवून चुलीपाशी त्रासून बसली होती. म्हणाली, "पेजेन मीठ टाकलाच नाय, तरी खारी कशी झाली?" धाकूदादा दारातच मटकन बसला आणि लहान मुलासारखा हसत सुटला.

मी साहेबांना निरोप धाडला. दोन दिवसांनी ते घोड्यावरून आले, दोनदा पाणी चाखले आणि रस्ता पठाराला वळसा घालून न्यायला कबूल झाले. चर रद्द झाला. त्यानंतर धाकूदादा दर उन्हाळ्यात पठारावर दगडांचे छोटे बांध घालू लागला, पाऊस थबकावा आणि मुरावा म्हणून.

गेल्या आठवड्यात मी त्याच्या गावी गेलो. घराला कडी होती. हिराबाई वर पठारावर सापडली, दोन सुनांसह ढासळलेला बांध रचत. मातीचे हात पुसून तिने मला तांब्याभर पाणी दिले. मी घोट घेतला. ती म्हणाली, "पानी अजून त्यांचाच हाय, भाऊसाहेब. गेल्या पावसाचा. पुढल्या सालचा आमी धरतो."

आणि ती पुढचा दगड उचलायला वाकली.